उशीर कोणाचा?

मृगाची चाहूल लागली की रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाडीवाडीवरची अंगणे मोकळी होतात. दोन महिने उन्हात घातलेली आंब्याची साठे, फणसपोळी, सोले, पोह्याचे पापड, मिरगुंडे डब्यांत भरली जातात आणि चाकरमान्यांच्या पिशव्यांतून मुंबईची वाट धरतात. त्यातून जो काही पैसा येतो तो घरातल्या बाईच्या हाती पडतो आणि शाळेची फी, औषधपाणी, कौलांची डागडुजी यांत जिरून जातो. ही मिळकत कोणत्याही वहीत नसते. विचारले तर ती बाई सांगते, धंदा कसला, घराला थोडा हातभार.

अशी बाई पंचेचाळिशीच्या आसपास एके दिवशी नोंदणीच्या खिडकीशी येते. कधी बाजारातला दुकानदार अन्नपदार्थांच्या नोंदणीचा क्रमांक मागू लागलेला असतो, कधी बँक 'उद्यम'चे प्रमाणपत्र मागते, कधी बचत गटाच्या ताई असंघटित कामगारांच्या ई-श्रम कार्डासाठी मागे लागलेल्या असतात. कागद जुळवता जुळवता तिचे चार हेलपाटे होतात, कारण घरपट्टी दिराच्या नावावर असते आणि विजेचे बिल कैलासवासी सासऱ्यांच्या. शेवटी प्रश्न येतो: व्यवसाय केव्हापासून? खरे उत्तर वीस वर्षे असे आहे. पण यंत्रापाशी बसलेला मुलगा, काही अंशी दयेपोटी, सांगतो, "काकी, आजपासून लिहा, उगाच मागचे काढू नका." ती मान डोलावते आणि वीस वर्षांचे श्रम एका ओळीत पुसले जातात.

त्या मुलाचा सल्ला अडाणीपणाचा नाही. मागची वर्षे सांगण्यात धोका आहे आणि लाभ काहीच नाही, हे त्याने अनुभवाने ओळखले आहे. ही व्यवस्था अशी का झाली, हा खरा प्रश्न आहे.

वसुलीची बाजू आधी पाहावी. महाराष्ट्रात व्यवसाय कराचा कायदा १९७५चा. त्याच्या कक्षेत येणाऱ्या स्वयंरोजगारी व्यक्तीने वेळेवर नोंदणी केली नाही, तर शासन मागील वर्षांचा कर व्याजासह मागू शकते. पूर्वी ही मागे पाहणारी नजर आठ वर्षांपर्यंत जात असे. ती आता चार वर्षांवर आणली आहे. २०१६ साली तर विशेष योजना काढून, नव्याने नोंदणी करणाऱ्यांना १ एप्रिल २०१३ पूर्वीचा कर माफही करण्यात आला. घरात साठे वाळवणारी प्रत्येक बाई या कराच्या कक्षेत येते असे नाही. मुद्दा तत्त्वाचा आहे. नोंदणी आज झाली तरी व्यवसाय पूर्वीपासून चालू होता, हे सत्य कर गोळा करताना शासनाला नीट समजते.

या कराविरुद्ध ओरड करण्याचे कारण नाही. रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणूनच तो बसवला गेला. शहरातल्या पगारदाराने आणि व्यावसायिकाने दुष्काळी खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी वाटा उचलावा, हा त्यामागचा विचार महाराष्ट्राने अभिमान बाळगावा असाच होता.

आता देण्याची बाजू. प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन ही असंघटित श्रमिकांची पेन्शन योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. वयाच्या ६०व्या वर्षानंतर दरमहा ३००० रुपये, वर्गणी वयाप्रमाणे ५५ ते २०० रुपये आणि तितकीच रक्कम केंद्र शासनाची. त्याच वर्षी लहान व्यापारी व स्वयंरोजगारी व्यक्तींसाठी तशीच दुसरी योजना आली. दोन्हींचे दार १८ व्या वर्षी उघडते आणि ४०व्या वर्षी बंद होते. २०१५च्या अटल पेन्शन योजनेचेही तेच. तिच्या आधीची २०१० सालची स्वावलंबन योजना ६० वर्षांपर्यंत प्रवेश देत होती. नवी योजना आली आणि उंबरठा वीस वर्षांनी अलीकडे सरकला. राष्ट्रीय पेन्शन पद्धतीत उशिरा शिरता येते हे खरे, परंतु तेथे निश्चित पेन्शनची हमी नाही आणि शासनाचा बरोबरीचा वाटाही नाही.

म्हणजे वसुलीच्या वेळी शासन मागे वळून पाहते आणि देण्याच्या वेळी त्याची मान वळत नाही. २०१९ साली जी बाई ४१ वर्षांची होती, तिच्यासाठी ३००० रुपयांच्या या योजनेचे दार एक दिवसही उघडे नव्हते. तिला उशिरा आलेली म्हणायचे कोणत्या न्यायाने?

कोकणात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईत आणि बाई गावी शेती, गुरे, म्हातारी माणसे सांभाळत, हा येथला शतकभराचा रिवाज. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत त्याला मनीऑर्डरची अर्थव्यवस्था म्हणतात. मनीऑर्डरची नोंद पोस्टात होत असे. ती कमी पडली तेव्हा बाईने काय विकून घर चालवले, याची नोंद कोठे झाली नाही. मुंबईतही तेच. गिरणगावातल्या कामगारांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांच्या कष्टांवर कापड उद्योग उभा होता, परंतु १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करीपर्यंत बँकेच्या दृष्टीने त्या कोणीच नव्हत्या. १९८२च्या संपानंतर गिरण्यांतला पुरुष गावी परतला तो फंडाचे, ग्रॅच्युइटीचे कागद घेऊन. त्या पैशांसाठी त्याला झगडावे लागले, पण निदान मागायला कागद होता. त्याच्या बायकोकडे काहीच नव्हते.

नोंदणी टाळण्यामागे भीतीही आहे आणि ती शासनानेच पेरली आहे. संजय गांधी निराधार अनुदानासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. एखाद्या विधवेने हंगामात सोले विकून मिळालेले पैसे प्रामाणिकपणे सांगितले, तर तिचे अनुदान जाण्याची टांगती तलवार. अशा बाईला नोंदणीचे महत्त्व पटवून देण्यासाठी शिबिरे भरवली जातात, फलक लावले जातात, चहापान होते. तिला महत्त्व कळत नाही असे नाही. हिशेब तिला शिबिरवाल्यांपेक्षा चांगला येतो.

मागची वर्षे धरायची तर पुरावा काय, आणि लोक मुद्दाम उशिरा येतील त्याचे काय, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच पोकळ नाही. परंतु मार्ग निघतो. ब्रिटनमध्ये स्वयंरोजगारी माणसाला साधारणपणे मागील सहा वर्षांची राहिलेली राष्ट्रीय विम्याची वर्गणी भरून ती वर्षे पेन्शनसाठी जोडून घेता येतात. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. २०१७ साली भविष्य निर्वाह निधी संघटनेने मोहीम काढून, २००९ ते २०१६ या काळात ज्या मालकांनी कामगारांची नोंदच केली नव्हती त्यांना ती उशिरा करू दिली आणि नुकसानभरपाई म्हणून आकारला वर्षाला एक रुपया. कायदा मोडणाऱ्या मालकाचा उशीर एका रुपयात पोटात घालणारे शासन, जिला मालकच नाही अशा बाईच्या बाबतीत मात्र चाळिशीची रेघ ओढून बसते.

सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. असंघटित कामगाराच्या व्याख्येत घरबसल्या काम करणारी व स्वयंरोजगारी व्यक्ती तीत आहे, आणि नोंदणीसाठी कामगाराची स्वतःची घोषणा पुरेशी मानली आहे. मग त्याच घोषणेत कामाची मागील वर्षे का मांडता येऊ नयेत? आधाराला बचत गटाच्या वह्या आहेत, ग्रामपंचायतीचा दाखला आहे. ४५ वर्षांच्या बाईने ४०व्या वर्षाच्या दराने मागील पाच वर्षांची वर्गणी भरायची म्हटली तर ६० महिन्यांचे १२,००० रुपये होतात. त्यावर व्याज घ्यावे, म्हणजे निधीला तूट येणार नाही आणि मुद्दाम थांबण्यात कोणाचा फायदाही राहणार नाही. तितकेच १२,००० शासनाने आपल्या वाट्याचे घालावेत, आणि बाईला तिचा भाग हप्त्यांनी, आंब्याच्या हंगामाच्या सोयीने भरू द्यावा. योजना सुरू झाली तेव्हाच ज्यांचे वय चाळिशीपुढे होते, त्यांच्यासाठी ठरावीक मुदतीची एक खिडकी उघडण्याने याची सुरुवात करता येईल. त्याबरोबरच निराधार अनुदानाची २१,०००ची मर्यादा वाढवली पाहिजे. नाहीतर त्या खिडकीशी येण्याचे धाडस विधवा करणार नाहीत. या वयोगटातल्या बायका दरवर्षी साठीकडे सरकत आहेत, तेव्हा निर्णय पुढच्या अर्थसंकल्पाच्या आत व्हायला हवा.