इंजेक्शनानंतरचा गुडघा
व्हिक्टोरिया राणीच्या वंशजांमुळे हिमोफिलियाला राजघराण्यांचा रोग म्हटले गेले. परंतु पिंप्राळ्यातील हमालाच्या घरीही तो जन्मास येऊ शकतो. सुमारे 5000 मुलग्यांमागे एकास होणाऱ्या या आजाराच्या मुख्य प्रकारात रक्त लवकर साकळत नाही आणि गुडघा, कोपर, घोटा यांत आतल्या आत रक्त उतरते. साकळविणाऱ्या घटकाचे इंजेक्शन दिले की शासनाचे कर्तव्य संपले, हा समज घातक होय. त्याने रक्त थांबते. आखडलेला गुडघा सरळ होत नाही. त्यासाठी आधी विश्रांती व बर्फ, सूज ओसरू लागताच मांडीच्या स्नायूंचा हलका व्यायाम, मग क्रमाने सांध्याची हालचाल, हे जाणकाराच्या नजरेखाली आठवडेच्या आठवडे चालावे लागते. (सुजेवर तेल चोळणे तर अपायकारकच.) हे घडले नाही तर स्नायू झिजतो, त्याच सांध्यात पुन्हा रक्त उतरते आणि मूल कायमचे लंगडते.

जळगावात 2018 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पिंप्राळ्यास ते जवळ. पण चोपडा-रावेरच्या शेतमजुराने मजुरी बुडवून तेथे किती फेऱ्या घालाव्यात? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने हिमोफिलियाची गणना अपंगत्वात केली. दाखला हातात पडण्याइतके अपंगत्व येऊच नये म्हणून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात व्यायामोपचारतज्ज्ञ नेमावा, ही मागणी पक्षाच्या तालुका शाखांनी आता लावून धरली पाहिजे.