भागीचें घोडें आणि घरचा ट्रॅक्टर

वांटणीच्या दिवशीं घरांत काय काय होतें, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. जमीन मोजली जाते, भांडींकुंडीं वजन करून वेगळीं काढलीं जातात, दागिन्यांसाठीं सराफ बोलावला जातो. परंतु एखादी वस्तु अशी निघते कीं, तिचे तुकडे करतां येत नाहींत, तिची किंमत ठरवितां येत नाहीं, आणि ती परक्याच्या स्वाधीन करण्यास कोणाचें मन होत नाहीं. मग ती 'सामाईक' म्हणून ठेवण्यांत येते. आमच्या घरीं अशी वस्तु म्हणजे आजोबांचा ट्रॅक्टर. 'भागीचें घोडें किवणानें मेलें' ही म्हण आम्हीं लहानपणापासून ऐकिली होती. ती आपल्याच आवारांत खरी होत आहे, हें ध्यानांत यावयास मात्र फार काळ लागला. ती हकीकत या महिन्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आजोबा व्यवसायानें शिक्षक. वडिलोपार्जित जमिनीपैकीं बहुतेक १९४८ च्या कूळकायद्यान्वयें कसणारांकडे गेली. जो कसतो त्याची जमीन, यांत अन्याय तो कोणता, असें आजोबा म्हणत; आणि त्याच न्यायानें उरलेली जमीन आपण स्वतः कसली पाहिजे, असा त्यांनीं निश्चय केला. १९६९ सालीं त्यांनीं घेतलेला ट्रॅक्टर म्हणजे बी-२७५. हा नमुना मूळचा इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्याचा. ब्रॅडफर्ड येथें इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या कारखान्यांत तो तयार होई. १९६३ सालीं महिंद्र कंपनीनें तिच्याशीं भागीदारी केली, आणि पुढें मुंबईच्या कांदिवली उपनगरांतून हे ट्रॅक्टर आपल्याकडे येऊं लागले. चार सिलिंडरांचें डिझेल इंजन, पस्तीस अश्वशक्ति, पुढें जाण्याचे आठ गिअर आणि मागें येण्याचे दोन. आजच्या मानानें ही शक्ति थोडी वाटेल; परंतु आठ बैलांचा नांगर ज्यांनीं पाहिला होता, त्यांना तें एक आश्चर्यच होतें.

ट्रॅक्टराबरोबर घरांत आले ते बापू. त्या वेळीं ते विशीचे होते. शाळा चौथीपर्यंत झालेली. परंतु यंत्राच्या नुसत्या आवाजावरून त्याचें दुखणें ओळखण्याची विद्या त्यांच्या कानांत होती. आजोबा गेले, वडील व काका गेले, पंधरा वर्षांपूर्वीं आम्हां तिघां भावांची वांटणी झाली. बापू होते तेथेंच होते, आणि ट्रॅक्टर चालत होता. तो कां चालतो, असा प्रश्न आमच्यापैकीं कोणाच्याहि मनांत आला नाहीं. पुढें बापूंचे गुडघे धरले, दृष्टि मंदावली, आणि त्यांनीं ट्रॅक्टरावर चढणें सोडिलें.

त्यानंतरचीं कांहीं वर्षें सांगतांना आम्हांस लाज वाटते. दसऱ्यास ट्रॅक्टर धुतला जाई. त्याला झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. तिन्ही घरचीं मंडळी त्याच्याभोवतीं उभीं राहून छायाचित्र काढीत, आणि 'आजोबांची आठवण' म्हणून तें परगांवच्या नातलगांस पाठविण्यांत येई. मात्र दसऱ्यापासून दसऱ्यापर्यंत इंजनांतील तेल कोणी बदलीत नसे. थोरल्यांस वाटे, धाकटे पाहतील. धाकट्यांस वाटे, थोरल्यांचा मान आहे. पूजा करणारे पुष्कळ झाले आणि वंगण घालणारा कोणी उरला नाहीं.

चार वर्षांपूर्वीं उन्हाळ्यांत आमचा पुतण्या पुण्याहून आला होता. तो यंत्रशास्त्राचा पदवीधर. बांधावरची एक जुनी बाभूळ वादळांत पडली होती. तिचें खोड उपटावयाचें ठरलें. नांगराला ट्रॅक्टराशीं जोडणारे दांडे तीन असतात, खालीं दोन आणि वर मध्यभागीं एक. त्या वरच्या दांड्याच्या जागीं त्यानें साखळी अडकविली. ती उंच असल्यानें ओढ चांगली बसेल, असा त्याचा हिशेब. पहिला गिअर टाकून त्यानें क्लच सोडला मात्र, तोंच पुढचीं चाकें जमिनीवरून उचललीं गेलीं. बांधावर बसलेले बापू ओरडले, "क्लच! क्लच दाब, पोरा!" सुदैवानें त्याचा पाय क्लचवरच होता. पुढचा भाग धाडकन् खालीं आला. मुलगा उतरला तेव्हां त्याला उभें राहवेना.

हें कां झालें, तें प्रत्येक ट्रॅक्टरवाल्या घरानें समजून घ्यावें. मागचीं चाकें अडकून राहिलीं आणि इंजनाचा जोर चालूच राहिला, म्हणजे चाकें फिरण्याऐवजीं ट्रॅक्टरचें धूडच त्यांच्या आंसाभोवतीं फिरूं पाहतें. साखळी आंसाच्या खालीं, ओढावयाच्या दांड्याला बांधलेली असेल, तर ट्रॅक्टर सहसा उलटत नाहीं. ती आंसाच्या वर बांधली कीं, तीच साखळी त्याला मागें खेंचून पालथा घालते. असा ट्रॅक्टर दीड सेकंदांत पुरता उलटूं शकतो, आणि सावरण्याची संधि त्याच्या निम्म्या वेळांतच निघून जाते. १९१७ पासून निघालेल्या फोर्डसन ट्रॅक्टरांवर नांगर अडकून असे कित्येक चालक दगावले. हा दोष दूर करण्यासाठीं आयर्लंडांतील हॅरी फर्ग्युसन यांनीं वर्षानुवर्षें खटपट केली, आणि १९३६ सालीं बाजारांत आलेल्या त्यांच्या ट्रॅक्टरवर तीन दांड्यांची जोडणी पूर्णत्वास नेली. तींत नांगर अडला म्हणजे वरचा दांडा पुढें रेटला जातो आणि ट्रॅक्टरचें तोंड खालीं दाबून धरतो. म्हणजे नांगरतांना जी जागा चालकाला तारते, तीच जागा साखळी बांधली असतां त्याचा घात करते. आमच्या पदवीधर पुतण्यास हें गणित कागदावर सोडवितां आलें असतें. परंतु तें बापूंना हातानें ठाऊक होतें, आणि त्या दिवशीं तेंच कामास आलें.

त्या रात्रीं तिन्ही घरचीं माणसें एकत्र बसलीं. धाकट्या बंधूंचें म्हणणें, भंगारवाल्यास देऊन मोकळें व्हावें. थोरल्या बंधूंचें म्हणणें, आजोबांची वस्तु विकली तर लोक काय म्हणतील. फार तर ती रंगवून अंगणांत उभी करूं. आम्हांस दोन्ही मतें पटेनात. जी वस्तु चालूं शकते ती भंगारांत घालणें हा नतद्रष्टपणा. आणि जी चालविण्याची आपल्यांत धमक नाहीं, ती रंगवून ठेवणें हें ढोंग. शेवटीं थोरल्या वहिनींनीं विचारलें, "बापूंना काय काय येतें, तें कोणी लिहून घेतलें आहे कां?" कोणींहि घेतलें नव्हतें. जमिनीचे कागद तीन पिढ्यांचे होते. ट्रॅक्टर कसा जगला याचा एक कागद नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून आठ संध्याकाळीं आम्ही वही घेऊन बापूंजवळ बसलों. त्यांतील कांहीं भाग येथें देतों. ज्यांच्या घरीं जुना डिझेल ट्रॅक्टर आहे, त्यांस तो उपयोगीं पडेल.

हवा गाळण्याच्या भांड्यांत तेल असतें. धुळीच्या कामांत, विशेषतः मळणीच्या दिवसांत, तें रोज उघडून पाहावें. तळाशीं गाळ बसला असेल तर तेल ओतून टाकावें, भांडें डिझेलनें धुवावें आणि खुणेपर्यंत नवें तेल घालावें. हा आळस केला कीं धूळ सिलिंडरांत जाते आणि इंजन आंतून झिजतें. डिझेलची टांकी संध्याकाळीं काम संपल्यावर भरावी, सकाळीं नव्हे. रिकाम्या टांकींत रात्रीच्या गारव्यानें पाण्याचे थेंब धरतात. रेडिएटरच्या जाळींत भुसा अडकूं देऊं नये, आणि तापलेल्या रेडिएटरचें झांकण कधींहि उघडूं नये. पुढच्या चाकांच्या सांध्यांत, जुनें ग्रीस बाहेर येईपर्यंत नवें भरावें. ट्रॅक्टर बराच काळ उभा राहावयाचा असेल, तर क्लचचें पेडल लांकडी ठोकळा लावून दाबून ठेवावें, म्हणजे आंतील तबकडी चिकटत नाहीं. आणि उभ्या धुराड्यावर एक डबा उपडा घालावा, म्हणजे पाऊस इंजनांत उतरत नाहीं.

ब्रेकविषयीं बापूंनीं तीनदां बजाविलें. उजव्या व डाव्या चाकांचीं पेडलें निराळीं असतात, कारण शेतांत वळतांना एकच चाक धरावें लागतें. परंतु रस्त्यावर जातांना दोन्ही पेडलें पट्टीनें जोडलींच पाहिजेत. नाहीं तर वेगांत एकच पेडल दाबलें जाऊन ट्रॅक्टर आडवा होतो. मडगार्डवर मूल बसवूं नये, मग तें कितीहि रडो. यंत्रें फिरविणाऱ्या मागच्या दांड्याजवळ धोतर, पदर वा उपरणें जाऊं देऊं नये.

याला आम्हीं दोन गोष्टींची जोड दिली. चालकाच्या रक्षणासाठीं लोखंडी कमान बसविणें स्वीडननें नव्या ट्रॅक्टरांस १९५९ सालींच सक्तीचें केलें होतें. आमच्या ट्रॅक्टरावर ती नव्हती. ती जाणत्या कारागिराकडून बसवून घेतली, आणि तिच्याबरोबर कमरेचा पट्टाहि घेतला, कारण पट्ट्यावांचून कमानीचा पुरा उपयोग नाहीं. दुसरी गोष्ट नोंदणीची. पंधरा वर्षांनंतर ती पांच पांच वर्षांसाठीं नवी करून घ्यावी लागते. आमची कधींच संपून गेली होती. दंड भरून ती नीट केली.

मग गेल्या वर्षींच्या मृगाची गोष्ट. पेरणी तोंडावर आलेली, आणि ट्रॅक्टर सुरू होईना; कोणीं तरी टांकी पार रिकामी होऊं दिली होती. डिझेल घातलें, तरी नळ्यांत हवा शिरली होती. मिस्त्री तालुक्याला, तो दोन दिवसांनीं येणार. तेव्हां थोरल्या घरची धाकटी सून वही घेऊन आली. तिनें वाचीत वाचीत गाळणीवरचा स्क्रू सैल केला, आणि हातपंपाचा चाप वरखालीं करूं लागली. बापूंना हात धरून आणून बाजेवर बसविलें होतें. ते विचारीत, "फेस जाऊन नितळ आलं का, सूनबाई?" ती म्हणे, "अजून बुडबुडे आहेत, बापू." असें कांहीं वेळ चाललें. पुढें डिझेल-पंपावरील स्क्रू, मग नोझलच्या नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून पुन्हां आवळणें, सारें वहींतील क्रमानें झालें. इंजन दोनदां खोकललें आणि लागलें. बापू कांहीं बोलले नाहींत; मान तिरपी करून पुष्कळ वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "तिसरं नोझल जरा हलकं बोलतंय. पाऊस संपल्यावर बघा." पावसाळ्यानंतर मिस्त्रीनें तपासलें, तों तिसरेंच नोझल निघालें.

आतां आमचा ठराव असा आहे. दर वर्षीं दसऱ्यास तिन्ही घरांपैकीं एका माणसाचें नांव वहींत लिहावयाचें. वर्षभर ट्रॅक्टर त्याचा, खर्च तिघांचा. पूजा होते, परंतु तेल आदल्या दिवशीं बदललें आहे, हें पाहून मग हार घातला जातो. भारी कामें भाड्याच्या नव्या ट्रॅक्टराकडून करवितों, कारण म्हाताऱ्याकडून तरण्याचें काम घेणें हेंहि प्रेम नव्हे. पेरणी, फवारणी, पाण्याची टांकी एवढें आमचा ट्रॅक्टर करतो. आणि ज्या वर्षीं नांव लिहावयास कोणी पुढें येणार नाहीं, त्या वर्षीं तो विकावयाचा. भंगाराला नव्हे, तर जो चालवील त्याला, मग पैसे कमी आले तरी चालतील. या कलमावर थोरल्या बंधूंनीं सही करण्यास एक आठवडा घेतला. पण केली.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं ट्रॅक्टर नसेल. शिवणाचें यंत्र असेल, घड्याळ असेल, पेटी असेल. ती कोणाच्या हातानें आजवर चालत आली, याचा शोध घ्यावा. तो हात बहुधा आपल्या घरच्या कागदांत सांपडत नाहीं. आमच्या सातबाऱ्यावर बापूंचें नांव नाहीं, ट्रॅक्टरच्या नोंदणींतहि नाहीं. वहीच्या पहिल्या पानावर मात्र तें आम्हीं आजोबांच्या नांवाशेजारीं लिहिलें आहे. तें लिहावयास आम्हांस पन्नासाहून अधिक वर्षें लागलीं. वाचकांनीं इतका विलंब लावूं नये. माणूस बसलेला आहे, सांगावयास तयार आहे, तोंच वही घेऊन जावें.