शेजारच्या पाळण्याचे पाप

बेळगावजवळच्या सांबऱ्यात विमान उतरते. त्याच सांबऱ्यात सर्दीने बेजार झालेला माणूस औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय उभा राहतो आणि म्हणतो, "दोन अझिथ्रोमायसिन द्या." दुकानदार कात्रीने दोन गोळ्या कापून देतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये, असे सांगणारी लाल रेघ त्या पाकिटावर असते. कात्री त्या रेघेवरूनच फिरते!

सर्दीचा विषाणू या अँटिबायोटिक गोळीने मरत नाही. मरतात ते आतड्यातले निरुपद्रवी जंतू, जे रोगजंतूंना जागा आणि अन्न मिळू देत नाहीत. राखणदार मारून आपण शेत मोकळे करतो आणि त्यात औषधाला न जुमानणारे जंतू माजतात.

हीच गोळी किती मोलाची आहे, ते आमच्याच जिल्ह्याने दाखवले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या सात देशांतल्या चाचणीत बेळगाव आणि नागपूरच्या बायकाही होत्या. प्रसूतीच्या वेळी दिलेल्या एका डोसाने आईला सेप्सिस, म्हणजे जिवावर बेतणारा जंतुसंसर्ग, होण्याचे किंवा तिच्या मृत्यूचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. बाळांना मात्र त्या डोसाचा उपयोग झाला नाही.

बाळांसाठी वाट त्याआधीच सापडली होती, ती ओडिशाच्या खेड्यांत. ४,५५६ धडधाकट नवजात बाळांपैकी निम्म्यांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लांटारम हा निरुपद्रवी जंतू, त्याच्या खाद्यासह, पाजला. २०१७ साली निष्कर्ष आले: सेप्सिस किंवा मृत्यूचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर उतरले होते. तो जंतू पारखून निवडलेला होता. घरच्या दह्याला कुणी औषध समजू नये. पण ज्यांना आपण सरसकट शत्रू म्हणतो, त्या जंतूंच्याच कुळात हा रक्षक निघाला.

मग असे रक्षक मरतात आणि माजलेले जंतू उरतात, त्याला दोषी कोण? रोगी नाराज होईल म्हणून अँटिबायोटिक लिहिणारा डॉक्टर, विक्रीसाठी कायदा गुंडाळून ठेवणारा दुकानदार, कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून खाद्यात औषध मिसळणारा मालक आणि उरलेल्या गोळ्या जावेला देणारे आपण. सगळेच!

आपल्याकडे विरजण शेजारणीकडून मागून आणतात. चमचाभर दह्यातले जंतू एका घरातून दुसऱ्या घरात नांदायला जातात. आपल्या घरात माजलेले जंतूही असेच जातात, न मागता, हातांवरून, पाण्यातून, शेजारच्या पाळण्यापर्यंत. तिथल्या तान्ह्याने एकही गोळी गिळलेली नसते. तरी ते आजारी पडले की त्याच्यावर औषध चालत नाही. आपली सर्दी आठवड्यात बरी झाली असती. ते मूल आपल्या उतावळेपणाची किंमत मोजते.

पुढच्या सर्दीला दुकानाची पायरी चढण्याआधी तो पाळणा आठवा.