लॅपटॉपचा ताप आणि अनर्थदंड



मे महिन्याच्या सुट्टीत घराघरांतून एक वाक्य ऐकू येतं, "बंद कर तो गेम, लॅपटॉप किती तापलाय बघ!" माझं स्पष्ट मत आहे की हे वाक्य आपण बोलूच नये. लॅपटॉप तापतो हे खरं आहे, पण आपला राग असतो खेळावर आणि नाव घेतो आपण तापण्याचं. मुलांना ते लगेच कळतं. मग आधी कूलिंग पॅडची मागणी होते, नंतर दुपारभर एसीची, आणि शेवटी "हा जुना झाला, नवा घेऊ या" इथे गाडी पोहोचते. एका चुकीच्या कारणापायी घरात परिग्रह तेवढा वाढतो.

मुळात तो तापतो का? गेमसाठीच्या लॅपटॉपच्या चार्जरवर बघा, 180 किंवा 230 वॅट असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे आपल्या जुन्या 100 वॅटच्या पिवळ्या बल्बांसारखे दोन बल्ब एका वहीएवढ्या डब्यात कोंबल्यासारखं झालं. खेळताना आत जाणाऱ्या विजेची शेवटी जवळजवळ सगळी उष्णताच होते. ती तांब्याच्या नळ्यांतून बारीक पत्र्यांच्या जाळीपर्यंत येते आणि पंखे ती बाहेर फेकतात. हवा आत ओढली जाते बहुतेक वेळा तळातून. आतली चिप साधारण 95-100 अंशांवर गेली की स्वतःच आपला वेग कमी करते, आणि तेव्हा गेम अडखळायला लागतो. त्यामुळे खेळताना 80 अंश दिसले तर घाबरायचं काही कारण नाही. आमच्याकडे मे महिन्यात खोलीतच 40 अंश असतात. पंखा तीच हवा ओढणार, मग यंत्र त्याहून गार राहणार कसं? खेळायचंच तर सकाळी खेळावं.

आता गादीचं. मुलं लॅपटॉप दुलईवर ठेवून लोळत खेळतात आणि तळाच्या जाळ्या पूर्ण बंद होतात. आपल्या साधू-साध्वींच्या पाच समितींमध्ये आदान-निक्षेपण समिती आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना जागा पाहायची, पुंजायची, मगच ठेवायची. श्रावकांनाही जयणा सांगितलेली आहेच. लॅपटॉप टणक, पुसलेल्या जागेवर ठेवा, मागची बाजू बोटभर उंच करा. ताप तिथेच थोडा उतरतो. मांडीवर तर तासन्‌तास नकोच, त्या उष्णतेने कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात.

पावसाळ्यात यात एक जीवदयेचाही भाग येतो. उबदार, अंधारी जागा बघून मुंग्या आणि लहान कोळी या जाळ्यांतून आत शिरतात. न बघता बटण दाबलं की पंखा फिरलाच. म्हणून चातुर्मासात चालू करण्याआधी बॅटरीच्या उजेडात जाळ्या पाहायच्या, कोरड्या मऊ ब्रशने हलकेच पुंजायच्या. फवारा किंवा ओलं फडकं अजिबात नको. आतल्या पत्र्यांवर धुळीचा नमदा बसतो, तो मात्र जाणकाराकडून काढून घ्यावा. चिपवरची वाळलेली पेस्टही तो तेव्हाच बदलतो. नव्या लॅपटॉपच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ. मी कॉमर्सवाली, घसारा कसा लावतात ते मला माहीत आहे. धूळ साफ न करता यंत्र भंगारात काढणं हा घसारा नाही, ती उधळपट्टी आहे. बॅटरी फुगून तळ वर आलेला दिसला तर मात्र काटकसर करू नका. लगेच बंद करा, चार्जर काढा, दाबून बघू नका.

पण मला सर्वात पटलेला उपाय वेगळाच आहे. साधा पडदा सेकंदाला 60 चित्रं दाखवतो. गेमला मर्यादा घातली नाही तर चिप 120, 150 चित्रं तयार करत बसते. वरची चित्रं पडद्यावर नीट उमटतच नाहीत, तरी वीज जाते आणि पंखे किंचाळतात. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, अनर्थदंड. कोणाच्याही कामी न येणारी क्रिया. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा 60 करा, हे अनर्थदंड विरमण व्रताला धरूनच होईल. ज्यांचा पडदा 144 चा आहे त्यांना तेवढी चित्रं दिसतात हे खरं. तिथे किती पुरे, हे परिमाण ज्याचं त्याने ठरवावं. चौविहाराची वेळ झाली की मुलगा गेम थांबवून जेवायला येतो, पण पुष्कळ गेम थांबलेले असतानाही चिपला राबवत राहतात. पूर्ण बंद करूनच ताटावर बसायचं. (वीज सचित्त की अचित्त, हा वाद मी मोठ्यांवर सोडते. वाया घालवू नये यावर तर सगळ्यांचं एकमत आहे ना?)

एवढं केलं की तापण्याची सबब उरत नाही. मग उरतो तो खरा प्रश्न, आणि तो आपण तोंडावर बोलावा. मारामारीचे खेळ मला पसंत नाहीत. पडद्यावर कोणी मरत नाही, मान्य. पण नेम लागल्यावर होणारा आनंद खरा असतो, आणि भावहिंसा म्हणतात ती हीच. लॅपटॉप बर्फासारखा गार असला तरी माझा हा आक्षेप कायम राहतो. वेळेचंही तसंच. एका सामायिकाइतका, 48 मिनिटं खेळ, असं मी सरळ सांगते. घड्याळ दिसतं, वाद कमी होतो.

नातू विचारतो, "आजी, क्रिकेटच्या गेममध्ये कोण मरतं?" याला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून क्रिकेटला परवानगी आहे. 60 फ्रेमवर, टेबलावर.