व्हरांड्याला कुलूप नको

आमच्या शाळेच्या व्हरांड्याला जाळीचे दार आहे. आता त्याला रात्री कुलूप लावायचे ठरले आहे. गुरुजी म्हणाले, भित्तिपत्रकात ज्याला जे वाटते ते लिहा. म्हणून मी लिहिते. मला हे कुलूप पसंत नाही.

दिवाळीची सुट्टी संपली त्या दिवशी संध्याकाळी पाऊस आला. रस्त्यावर ऊसतोडीवाल्यांचा ट्रॅक्टर थांबला. मागे दोन ट्रॉल्या. त्यात माणसे, भांडी, बांबू, चटया, कोंबड्या, सगळे एकावर एक. ती माणसे बीडकडची. सांगलीकडे कारखान्यावर चालली होती. बारकी पोरं पार भिजलेली. मग ती सगळी रात्रभर व्हरांड्यात राहिली. आईने मला भाकरी द्यायला धाडले.

तिथे माझ्याएवढी एक मुलगी होती. तीपण चौथीत. बॅटरी धरून आमचे भित्तिपत्रक वाचत होती. मला म्हणाली, "तुमचा भागाकार कुठवर आलाय?" मी म्हणलं, दोन अंकी. ती म्हणाली, "आमचा एक अंकीच झाला आन् निघालो." मग मी तिला दोन गणिते दाखवली. तिसरे तिने आपले आपण सोडवले. बाकी चुकली, पण माझीही चुकते. तिची आई तीन विटांच्या चुलीवर चहा करत होती. ती म्हणाली, मुकादमाची उचल यंदा फिटली तर पुढल्या साली हिला गावीच ठेवीन, तिथे शाळेत हंगामी वसतिगृह असते. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, हे मला तेव्हा कळले. माणसांना कोयता का म्हणायचे?

पहाटे ती माणसे व्हरांडा झाडून गेली. पण भिंतीला काजळी लागली आणि नळाची तोटी मोडलेली निघाली. म्हणून काही मोठी माणसे रागावली. काजळी झाली हे खरे आहे, मी खोटे लिहीत नाही. पण तोटी कोणी मोडली ते कुणी पाहिले नाही. गेल्या वर्षी आमच्याच वर्गातल्या मुलांनी ती दोनदा मोडली होती. (नावे लिहीत नाही, ते मारतील.) तेव्हा कुणी कुलूप आणले नाही.

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात माझ्याएवढी होती. आईबापाबरोबर परगावी खडी फोडायच्या कामावर गेली होती. सुकडी आणि मिलोची लाल भाकरी खायची आणि रात्री तिथल्या देवळात निजायची. आजी म्हणते, त्या देवळाला दार होते, पण कुणी लावत नव्हते.

गुरुजींनी सांगितले, २००९ च्या कायद्याप्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या मुलाला दाखला नसला तरी शाळेत घ्यावे लागते. मग दिवसा तिला वर्गात घ्यायचे आणि रात्री व्हरांड्यात नाही, हे कसे?

मला वाटते, कुलूप लावलेच तर किल्ली शाळेशेजारच्या घरी ठेवावी. मागेल त्याला द्यावी. चूल चिंचेखाली मांडायला सांगावी, म्हणजे भिंत काळी होणार नाही. पाऊस असला तर काय करायचे ते मला अजून सुचले नाही. तोटीसाठी वर्गणी काढा. माझे दहा रुपये आहेत.

पालकांनी सभेच्या आधी हे वाचावे. कारखाना बंद झाला की मार्च-एप्रिलात ती माणसे याच रस्त्याने परत येतील. तिची पट्टी इथे राहिली आहे. मी ती दप्तरात ठेवली आहे.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी