असोद्याचा बर्फ

असोद्याला बर्फ पडत नाही. एवढं एक विधान मी कुणालाही न विचारता ठामपणे करू शकतो. जळगावच्या कुशीतलं हे गाव भरिताच्या वांग्यांसाठी प्रसिद्ध आहे, बहिणाबाई चौधरींचं माहेर म्हणून प्रसिद्ध आहे (१८८० साली त्या इथेच जन्मल्या), पण हिमवर्षावासाठी त्याची ख्याती नाही. मे महिन्यात इथला पारा ४५ च्या घरात जातो. इथल्या माणसाने बर्फ पाहिलेला असतो तो रसवंतीवर गोणपाटात गुंडाळलेला, नाहीतर लग्नातल्या सरबताच्या पिंपात. तेव्हा बर्फात गाडीला कुठले टायर असावेत, या विषयावर असोद्याच्या शिवेवरच्या माणसाने तोंड उघडणं म्हणजे ब्रह्मचाऱ्याने बाळंतविड्यावर व्याख्यान देण्यासारखं आहे, असं काहींना वाटेल.

वाटू द्या. मी तोंड उघडणार आहे. कारण असोद्यालाही बर्फ पडतो. फक्त त्याचा रंग काळा असतो आणि तो वरून न पडता खालून येतो.

जूनचा पहिला पाऊस झाला की आमच्याकडची काळी जमीन काय करते, हे ज्याने पाहिलं त्याला स्वित्झर्लंडला जायची गरज नाही. लाव्हारसाच्या खडकाची झिजून झालेली ही माती. उन्हाळ्यात तिला पाय जाईल अशा भेगा पडतात आणि पाणी मिळालं की ती अधाशासारखी पिऊन फुगते. मग तीच माती ट्रॅक्टरच्या चाकांना बिलगून शेतातून डांबरी रस्त्यावर येते. रस्त्यावर आधीच आठ महिन्यांचं ऑइल आणि धूळ साचलेली. त्यावर एक हलकी सर आली की रस्ता असा होतो, जणू कुणी साबणाची वडी लांबवर पसरून ठेवली आहे. मुसळधार पाऊस एक वेळ परवडला, तो निदान रस्ता धुऊन तरी काढतो. ही हलकी सर मात्र माणसाला धुऊन काढते.

आता मॉन्ट्रियलचा पांढरा बर्फ असो की असोद्याचा काळा, प्रश्न एकच. पायाखालच्या जमिनीने साथ सोडल्यावर तुमच्या हातात काय उरतं? उत्तर असं की, हातात काहीच उरत नाही. जे उरतं ते चाकांवर असतं. माझं भांडण आहे ते हे उत्तर ऐकून न ऐकल्यासारखं करणाऱ्या समस्त पांढरपेशा मोटारमालकांशी.

हा मोटारमालक गाडी घेतो तेव्हा काय काय घेतो पाहा. सीट कव्हरं घेतो. पायाखाली मखमली गालिचा घेतो. शेजारच्याला ऐकू जाईल इतका मोठा आवाज असलेली गाण्यांची पेटी घेतो. डॅशबोर्डवर गणपती बसवतो, बंपरला लिंबू-मिरची बांधतो. या सगळ्या खर्चाला तो ‘हौस’ म्हणतो. आणि टायर बदलायची वेळ आली की त्याच खर्चाला ‘भुर्दंड’ म्हणतो! मी कॉमर्सचा पदवीधर आहे, पण खतावणीची ही पद्धत आम्हाला कुठल्याच वर्षाला नव्हती. साधा हिशेब मांडा. समजा, एक टायर ५००० रुपयांचा धरला आणि तो ४०,००० किलोमीटर चालला, तर चारही टायर मिळून किलोमीटरला ५० पैसे पडतात. जीव मुठीत धरून प्रवास करण्यापेक्षा हे स्वस्त आहे.

आमच्या कॉलनीतल्या एका भाऊंच्या गाडीचे टायर इतके गुळगुळीत झाले होते, की त्यात पाहून भांग पाडता यावा. मी म्हटलं, “भाऊ, बदला आता.” तर म्हणाले, “काय भो, घाबरता! अजून एक पावसाळा आरामात काढतील.” मी म्हटलं, “टायर काढतील हो, तुम्ही काढाल का?”

लोकांना एक मूलभूत गोष्टच ठाऊक नाही. ब्रेक गाडी थांबवत नाही. ब्रेक फक्त चाक थांबवतो. गाडीला थांबवतो तो रस्ता, आणि रस्त्याचा हा निरोप गाडीपर्यंत पोचवणारा एकमेव जासूद म्हणजे टायर. प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो साधारण तळहाताएवढ्या जागेत. म्हणजे टनभर लोखंड, आत बसलेलं कुटुंब, डिकीतला लोणच्याचा डबा आणि वरचा वेग, हे सारं चार तळहातांवर तोललेलं असतं. त्या तळहातांवरच्या रेषा पुसून गेल्या असतील, तर भविष्य सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

त्या रेषांना कामही आहे. पावसात टायरखालचं पाणी बाजूला ढकलायचं, म्हणजे रबर रस्त्याला लागेल. रेषा झिजल्या की पाण्याला जायला वाट राहत नाही आणि टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो. मग स्टिअरिंग फिरवा, ब्रेक दाबा की रामरक्षा म्हणा, तिघांचा परिणाम सारखाच.

हे सगळं असोद्याच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. त्याचा ट्रॅक्टर पाहा. मागच्या थोरल्या चाकांना तिरपे, खोल दात. माती पकडून पुढे रेटायला. पुढच्या धाकट्या चाकांना मात्र गोल फिरणाऱ्या उभ्या रेघा. सरळ चालायला आणि वळायला. म्हणजे एकाच वाहनाच्या पुढच्या-मागच्या चाकांना कामाप्रमाणे वेगळी नक्षी! त्याच्या आज्याच्या बैलगाडीच्या चाकावरही लोखंडी पट्टा होता आणि त्या पट्ट्याला मराठीत शब्द आहे ‘धाव’. चाकापेक्षा किंचित लहान केलेली ती धाव विस्तवात तापवून चढवायची आणि पाणी ओतायचं, म्हणजे आकसून ती चाकाला जन्माची मिठी मारी. पुढे १८८८ साली डनलॉप नावाच्या गृहस्थाने हवा भरलेला टायर काढला. तो होता जनावरांचा डॉक्टर! चाकाचा विचार करताना बैलाची दया येणारा माणूसच असली गोष्ट काढू जाणे. सांगायचं एवढंच, की ज्याला जमिनीची ओळख आहे तो आधी चाकाचं पाहतो. गाडीचा रंग पाहतो तो आपण.

आता खऱ्या बर्फाकडे वळू. माझा एक भाचा मॉन्ट्रियलला असतो. एकदा नोव्हेंबरात त्याचा फोन आला. म्हणाला, “मामा, टायर बदलायला रांगेत उभा आहे.” मी विचारलं, “पंक्चर का रे?” तर म्हणाला, “नाही, हिवाळा आला.” त्याच्याकडे एका गाडीला आठ टायर आहेत. चार उन्हाळ्याचे, चार हिवाळ्याचे. जे बसवलेले नसतात ते तळघरात झोपतात. हा श्रीमंतीचा थाट नव्हे. तिथे क्वेबेक प्रांतात २००८ पासून हिवाळ्यात हिवाळी टायर लावणं कायद्याने सक्तीचं आहे. हिवाळी टायर ही कल्पनाही काही कालची नाही. फिनलंडमध्ये १९३४ साली ट्रकसाठी आणि १९३६ साली मोटारींसाठी असे टायर निघाले.

हे टायर वेगळे कशात? पहिली गोष्ट रबर. साधं रबर सात अंशांच्या खाली गेलं की ताठर व्हायला लागतं, फ्रीजमधल्या कालच्या पोळीसारखं. ताठर रबर रस्त्याला धरत नाही. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. दुसरी गोष्ट नक्षी. तिच्यात बारीक बारीक चिरा असतात आणि त्या बर्फाला धरून ठेवतात. चिखलातल्या टायरने चिखल झटकून टाकायचा असतो. बर्फातल्या टायरने बर्फ जवळ ठेवायचा असतो. कारण बर्फ रबराला नीटसा धरत नाही, पण बर्फाला बर्फ घट्ट धरतो. दाबल्यावर लाडू वळला जातो, तसंच हे. आता हाच मऊ टायर कुणी हौसेने आणून आमच्या मे महिन्यात पळवला, तर तो पेढ्यासारखा झिजेल. सगळ्या ऋतूंत आणि सगळ्या जमिनींवर सारखाच चांगला असा टायर नाही, जसा सगळ्या खात्यांत सारखाच चांगला असा साहेब नाही.

इथे काटकसरी माणूस एक पळवाट काढतो. तिकडे तो म्हणतो, हिवाळी टायर ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते त्यांनाच लावू. इकडे म्हणतो, पुढची दोन बदला, मागची चालतील. अहो, बैलजोडीत एक तरणा आणि एक म्हातारा जुंपला तर गाडी कुठे जाते, हे खेड्यातलं पोर सांगेल. पुढच्या चाकांनी रस्ता धरला आणि मागच्यांनी सोडला, की वळणावर गाडीचं शेपूट पुढे यायला बघतं आणि गाडी गरकन फिरते. पुढची चाकं सरकली तर निदान हातातल्या स्टिअरिंगला कळतं. मागची सरकली की कळेपर्यंत आपण आलो त्या दिशेला तोंड करून उभे असतो. म्हणून बर्फात हिवाळी टायर लावायचे तर चारही. आणि एरवी दोनच नवे घ्यायची ऐपत असेल, तर ते मागे लावावेत, गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरीही. हे ऐकून आमच्याकडे लोक हसतात. हसू द्या. हसणाऱ्याचे टायर आधी पाहावेत.

दुसरे शूर वीर म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी घेतलेले. यांना वाटतं, आपल्याला निसर्गाचे नियम माफ झाले. ३ ऑक्टोबर २०२० ला रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि हिवाळ्यात बर्फ पाहणं हा मध्यमवर्गाचा हक्क झाला. मनालीकडे आमच्या एमएच-१९ च्या पाट्याही दिसू लागल्या. २०२४ च्या डिसेंबरात सोलंग आणि त्या बोगद्याच्या दरम्यान बर्फात शेकडो गाड्या अडकल्या. चारही चाकांना ताकद असली म्हणजे गाडी बर्फातून निघते लवकर, हे खरं. पण थांबायच्या वेळी तिचा काही उपयोग नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात आणि घसरगुंडीवर मोठी गाडी आपल्या वजनानिशी जास्त रुबाबात घसरते, एवढाच फरक. आपल्याकडे हिवाळी टायर सहजासहजी मिळत नाहीत, म्हणून तिथले जाणते चालक साखळ्या बांधतात. ताकद जाते त्या चाकांना बांधायच्या, सावकाश जायचं, आणि बर्फ संपला की काढायच्या. ज्याला हे करायचं नसेल त्याने तिथल्या माणसाची गाडी करावी आणि मागे बसून भजी खावीत. यात कमीपणा काही नाही.

“मी वीस वर्षं गाडी चालवतोय,” असं सांगणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. तुम्ही चालवताय हे रस्त्याला कुणी कळवलं? कौशल्य टायरमधूनच रस्त्यापर्यंत जातं. गुळगुळीत टायरवरचा कसलेला ड्रायव्हर म्हणजे बुळबुळीत फरशीवरचा पहिलवान.

आणि सगळ्यांत पाताळयंत्री प्रकार म्हणजे झिजलेल्या टायरवर गरम पात्याने पुन्हा खाचा कोरून तो ‘जवळजवळ नवा’ म्हणून विकणं. मोटारीच्या टायरला ही दाढी-कटिंग चालत नाही. खाच दिसते, पण तिच्याखाली रबर उरलेलं नसतं. पण घेणारा खूश, कारण पैसे वाचले!

सरकारने आपल्या परीने सांगून ठेवलं आहे. मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, असा नियम आहे. मोजपट्टी नको, खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे दिलेले असतात, टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की त्याची सेवानिवृत्ती झाली. कडेवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला जन्म. म्हणजे टायरचा जन्मदाखला त्याच्या अंगावरच असतो. २०२३ साली समृद्धी महामार्गावर शिरताना टायर तपासून खराब टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात झाली, तेव्हा कितीतरी जणांनी आपल्या टायरकडे पहिल्यांदाच पाहिलं असेल. म्हणजे गाडीत बायकोमुलं बसलेली असताना वाकून पाहावंसं वाटलं नाही, ते खाकी कपडे दिसल्यावर वाटलं!

बँकेत एवढी वर्षं बसून मला एकच तत्त्वज्ञान कळलं आहे. गाडीचा वेग हे कर्ज आहे. घेताना मजा वाटते. फेड ब्रेक दाबल्यावर सुरू होते, आणि व्याज असं सावकारी, की वेग दुप्पट केला तर थांबायला अंतर चौपट लागतं. या कर्जाला जामीनदार चार. साधं स्कूटरचं कर्ज देताना आम्ही जामीनदाराचा पगार, पत्ता, सही, सारं तपासतो. आणि तुम्ही या चौघांचं तोंडही न पाहता, पहिल्या पावसात, भरल्या गाडीनिशी, कर्ज उचलून मोकळे होता!

खाली वाका. जामीनदारांकडे एकदा पाहून घ्या. चौघांनाही टक्कल पडलं असेल, तर आमच्या बँकेत तरी अर्ज नामंजूर होतो.