मोजक्यांचे शौर्य, बहुतांचे बळ

युद्ध संपल्यावर त्याचा हिशेब इतिहासकार मांडतात आणि दंतकथा समाज रचतो. या दोहोंचा मेळ बसतोच असे नाही. ब्रिटनच्या ‘स्पेशल एअर सर्व्हिस’ या विशेष दलाच्या बाबतीत ही तफावत फार ठळकपणे जाणवते. बीबीसीने २०२२ मध्ये सुरू केलेल्या मालिकेमुळे या दलाच्या जन्मकथेला नव्याने उजाळा मिळाला. वरिष्ठांना न जुमानणारे काही बेडर तरुण वाळवंटात घुसले आणि त्यांनी युद्धाचे पारडे फिरविले, असे या कथेचे लोकप्रिय रूप आहे. यातील शौर्य निःसंशय खरे आहे. पारडे फिरविल्याचा दावा मात्र तपासून घ्यावयास हवा. कारण विशेष दलांविषयीचे अनेक भ्रम नेमके त्यातूनच पोसले जातात.

१९४१ च्या उन्हाळ्यात उत्तर आफ्रिकेतील ब्रिटिश सेना अडचणीत होती. समुद्रमार्गे छापे घालण्यासाठी आणलेल्या कमांडो तुकड्या जहाजांच्या तुटवड्यामुळे जवळजवळ निरुपयोगी ठरल्या आणि त्या मोडीत काढण्याचा निर्णय झाला. त्याच तुकड्यांतील डेव्हिड स्टर्लिंग हा पंचविशीतला लेफ्टनंट पॅराशूटच्या उडीत जखमी होऊन कैरोच्या रुग्णालयात पडला होता. तेथे त्याने एक टिपण तयार केले. त्या टिपणाचा गाभा शौर्याचा नसून काटकसरीचा होता. दोनशे माणसे एका ठिकाणी किनाऱ्यावर उतरविली, तर त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश किनारा राखण्यातच अडकून पडतात. तीच दोनशे माणसे पाचपाचांच्या गटांत विभागली, तर एका रात्रीत तीस लक्ष्यांवर घाला घालता येईल, असा त्याचा हिशेब होता. शत्रूचे विमानतळ किनाऱ्यालगत पसरलेले होते आणि दक्षिणेकडील अफाट वाळवंटाच्या बाजूने त्यांचे संरक्षण जुजबी होते. पाच माणसांचा धोका पत्करून वीसपंचवीस विमाने नष्ट होणार असतील, तर तो सौदा कोणत्याही सेनेला परवडणारा होता.

एका कनिष्ठ अधिकाऱ्याचे हे टिपण केराच्या टोपलीत गेले नाही, हे महत्त्वाचे. जनरल ऑकिनलेक यांनी हिंदुस्थानचे सरसेनापतिपद सोडून नुकतीच मध्यपूर्वेतील सेनेची सूत्रे हाती घेतली होती. त्यांनी ६ अधिकारी व ६० जवान एवढ्या लहानशा प्रयोगाला मान्यता दिली. सुएझ कालव्याजवळील काब्रित येथे तळ पडला. दलाला मिळालेले नावसुद्धा आयते होते. ब्रिटिशांकडे हवाई सैनिकांची एक मोठी ब्रिगेड आहे असे शत्रूला भासविण्यासाठी डडली क्लार्क या अधिकाऱ्याने ‘स्पेशल एअर सर्व्हिस ब्रिगेड’ हे नाव कागदोपत्री निर्माण केले होते. त्या हुलकावणीला थोडेफार वास्तवाचे अधिष्ठान मिळावे म्हणून स्टर्लिंगच्या माणसांना त्या काल्पनिक ब्रिगेडची ‘एल’ तुकडी ठरविण्यात आले.

पहिली मोहीम सपशेल फसली. १६ नोव्हेंबर १९४१ च्या रात्री गझाला व त्मिमी येथील विमानतळांवर हल्ला करण्यासाठी सुमारे ५५ जणांनी भर वादळात पॅराशूटने उड्या घेतल्या. निम्म्याहूनही कमी माणसे परत आली आणि शत्रूचे एकही विमान नष्ट झाले नाही. जे वाचले त्यांना आणले ते ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’च्या मालमोटारींनी. राल्फ बॅग्नोल्ड यांनी १९४० मध्ये हे पथक उभारले होते. युद्धापूर्वी अनेक वर्षे मोटारी घेऊन हे वाळवंट धुंडाळलेल्या मोजक्या प्रवाशांचे ज्ञान त्याच्या पाठीशी होते. सूर्याच्या छायेवरून दिशा कशी ओळखावी, इंजिनातून वाफ होऊन जाणारे पाणी कसे वाचवावे, वाळूत रुतलेले चाक कसे सोडवावे, हे या मंडळींना पाठ होते. ज्यांनी परत आणले तेच आपल्याला लक्ष्यापर्यंत पोचवूही शकतील, हे त्या अपयशातून उमगले आणि विमानाची जागा मालमोटारीने घेतली.

अवघ्या महिन्याभरात चित्र पालटले. डिसेंबर १९४१ मध्ये तामेतच्या विमानतळावर पॅडी मेनच्या गटाने सुमारे २४ विमाने नष्ट केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत अजदाबिया येथे बिल फ्रेझर व त्याच्या चार सहकाऱ्यांनी सुमारे ३७ विमानांची राख केली. स्फोटक व आग लावणारे द्रव्य एकत्र मळून केलेला, एका माणसाला अनेक नेता येतील असा हलका बॉम्ब या यशाच्या मुळाशी होता. तो सिद्ध करणारा जॉक लुईस त्याच महिन्याच्या अखेरीस मोहिमेवरून परतताना मारला गेला.

येथवरची कथा सर्वपरिचित आहे. तिच्या पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. सप्टेंबर १९४२ मध्ये वरिष्ठांच्या आग्रहाने या दलाने सुमारे दोनशे माणसे व वाहनांचा मोठा ताफा घेऊन बेनगाझीवर चाल केली. शत्रू आधीच सावध होता. मोहीम फसली आणि परतीच्या वाटेवर विमानांच्या माऱ्याने अतोनात हानी झाली. ज्या आटोपशीरपणातून या दलाचे बळ निर्माण झाले होते, तोच सोडल्याबरोबर ते बळही ओसरले. पुढे जानेवारी १९४३ मध्ये खुद्द स्टर्लिंगही ट्युनिशियात पकडला गेला.

दरम्यान त्याच वाळवंटात युद्धाचा खरा भार कोण वाहत होते? २० जून १९४२ रोजी रोमेलने तोब्रुकवर निर्णायक हल्ला चढविला, तेव्हा त्याचा पहिला तडाखा बसला तो पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनला. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून गेलेले हे शिपाई खंदकांत उभे राहून रणगाड्यांना सामोरे गेले. तोब्रुक पडले आणि तीस हजारांहून अधिक सैनिक युद्धकैदी झाले. त्या बटालियनवर मालिका निघाली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस अल अलामीन येथे पारडे फिरले, ते सुमारे दोन लाखांच्या आठव्या सेनेच्या बळावर. विमानतळांवरील छाप्यांनी त्या विजयाला हातभार लावला. त्याची जागा मात्र घेतली नाही.

हा मुद्दा सर्वांत परखडपणे मांडला तो जनरल स्लिम यांनी. ब्रह्मदेशात बहुसंख्य हिंदी सैनिक असलेल्या चौदाव्या सेनेचे नेतृत्व करणाऱ्या या सेनानीने १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विशेष दलांवर स्पष्ट टीका केली आहे. अशा दलांसाठी इतर पलटणींतून उत्तम माणसे वेचून नेली जातात, त्यामुळे उरलेल्यांचा दर्जा खालावतो. शिवाय अवघड कामगिरी ही विशेष माणसांनीच करावयाची असते, असा घातक समज सामान्य शिपायात रुजतो. युद्धे जिंकली जातात ती सर्वसाधारण पलटणींच्या सरासरी गुणवत्तेवर, असे त्यांचे मत होते. १९४४ च्या चिंडिट मोहिमेसाठी ७० वी ब्रिटिश डिव्हिजन मोडण्यात आली, तेव्हा हे मोल त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते. मात्र स्लिम यांनी एक अपवाद मान्य केला होता. शत्रूच्या पिछाडीला राहून घातपात व टेहळणी करणारे छोटे गट नेहमीच्या पलटणींतून उभे राहू शकत नाहीत, म्हणून ते असावेत. ‘एल’ तुकडी तिच्या मूळ स्वरूपात या अपवादात अचूक बसत होती.

युद्ध संपताच ऑक्टोबर १९४५ मध्ये हे दल विसर्जित करण्यात आले, आणि काही वर्षांतच मलायाच्या जंगलातील बंडाळीसाठी त्याचे पुनरुज्जीवन करावे लागले. म्हणजे अशा दलाची गरज नाकारणे जितके चूक, तितकेच त्यालाच सर्वस्व मानणे चूक. लहान आकार, नेमके काम, उसन्या ज्ञानाची कबुली आणि पहिल्या अपयशानंतर पद्धत बदलण्याची तयारी, या चार गोष्टींवर ते दल उभे राहिले.

हा धडा केवळ लष्करापुरता नाही. नेहमीची शाळा नीट चालत नाही म्हणून निवडकांसाठी आदर्श शाळा काढायची, नेहमीच्या कार्यालयात कामे खोळंबतात म्हणून विशेष कक्ष उघडायचा, हा मोह प्रत्येक शासनाला होतो. निवडकांचे यश डोळ्यांत भरते आणि त्यासाठी जेथून माणसे व पैसा काढून घेतला, तेथील पडझड कोणी मोजत नाही. स्टर्लिंगचा हिशेब चोख होता, कारण त्याने मागितली ती अवघी मूठभर माणसे, आणि तीही मोडीत निघालेल्या तुकड्यांतली. त्याचे अनुकरण करू पाहणाऱ्यांनी त्याच्या धाडसाइतकीच ही मागणीही ध्यानात ठेवावी.